पावसाळ्यातली मांजरं

नागपुरात शाईचं मांजर काढायचं तर मृगाचा पाऊस पडून जाऊ द्यावा, असं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो, कुंचला उचलायच्या आत कागदावरचं पाणी उडून जातं. कूलर लावला की कागद फडफडतो, बंद केला की मनगटाचा घाम कागदावर उतरतो. शाईची कांडीसुद्धा या हवेत तडकते. काजळी आणि सरस मळून ती केलेली असते, सरस फार सुकला की चिरा पडतात. उन्हाळाभर मी ती कागदात गुंडाळून लाकडी डब्यात ठेवते.

पाण्याचं एवढं कौतुक अशासाठी, की या चिनी-जपानी रीतीत मांजराची बाह्यरेषा काढायची नाही. ओल्या डागानंच अंग उभं करायचं. कुंचला आधी पाण्यात, मग फिक्या शाईत भिजवायचा आणि नुसतं टोक गडद शाईला लावायचं. मग तो आडवा टेकवून, टोक पाठीच्या बाजूला ठेवून, मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढायचा. पाठीची कड काळी उमटते आणि पोटाकडे राखाडी विरत जाते. डाग ओला असतानाच त्यावर गडद पट्टे टेकवले की त्यांच्या कडा पसरतात आणि एकही केस न काढता लव दिसू लागते. कोरड्या हवेत हेच पट्टे नुसते ओरखडे होतात. कागद शाई पिणारा हवा. चीनच्या आनहुई प्रांतातला ‘शुआन’ नावाचा कागद उत्तम, पण महाग; सरावाला कोरं न्यूजप्रिंट चालतं.

महाल भागातल्या आमच्या घराच्या पडवीत झडीच्या दिवसांत एक पिवळा बोका येऊन झोपतो. त्याला मी खूप बघते, काढते त्या मानानं कमी. झोपलेल्या मांजराचं वजन मागच्या मांडीत उतरलेलं असतं. कुंचला तिथे जरा दाबला आणि क्षणभर थांबवला की शाई पसरते आणि मांजर जमिनीला टेकतं. हे साधलं नाही तर कान-डोळे कितीही सुबक असोत, ते हवेत तरंगतं. शेजारच्या आजींनी एकदा चित्र हातात घेऊन विचारलं, "अवं, याले पाय कुठी हायेत?" मी पोटाखालची कोरी जागा दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "हाव वं, अंगाखाली घेतले त्यानं."

कोऱ्या जागेवर असा भरवसा टाकणारा माझा आवडता चित्रकार म्हणजे बादा शानरेन (१६२६–१७०५). चीनच्या मिंग राजघराण्यातला हा माणूस राजवट कोसळल्यावर भिक्षू झाला. त्याची मांजरं मोजक्या फटकाऱ्यांत पाठ गोळा करून बसतात, भोवती जवळजवळ काहीच नसतं. दुसरा जपानी चित्रकार हिशिदा शुन्सो. १९०३ मध्ये तो योकोयामा ताइकानबरोबर कोलकात्याला आला होता. रेघ सोडून नुसत्या छटांनी चित्र उभं करतात म्हणून या दोघांवर जपानात टीका झाली. शुन्सोनं १९१० मध्ये रेशमावर एक काळं मांजर रंगवलं आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३६व्या वर्षी, तो गेला. ते काम माझ्या फटकाऱ्यांपेक्षा फार सावकाशीचं आहे. तरी त्या काळ्या अंगाची कड जिथे हवेत विरते, ती जागा मी पुन्हा पुन्हा बघते.

शिकायला येणाऱ्यांना मिशांची फार घाई असते. मी त्या कागद पूर्ण वाळल्यावर काढते, कोपरातून हात हलवून, गालाकडून बाहेर. नुसत्या बोटांनी काढलेली मिशी थरथरते. बोका गाढ झोपलेला असेल तर मिशा मी काढतच नाही, आणि डोळ्याला एक तिरपी रेघ पुरते.

या श्रावणात मला पूर्ण काळं मांजर काढायचं आहे. त्याला पट्ट्यांचा आधार नाही, खांदा आणि मांडी एकाच काळ्यातून वेगळी दिसायला हवी. म्हणून सध्या मांजर बाजूला ठेवून रोज सकाळी काळ्याच्या छटाच उगाळते आहे.