तुम्ही विचारलंत म्हणून: एका कार्टूनसाठी नागपूरहून अमेरिकेला पत्र कशाला?

हा प्रश्न पहिल्यांदा बाबांनी विचारला होता, मग कॉलेजातल्या मैत्रिणींनी, आणि आता माझ्या ड्रॉइंग क्लासला येणाऱ्या पोरांचे आईबाप विचारतात, कारण क्लासच्या भिंतीवर त्या कार्टूनमधल्या हिरोचं, आंगचं चित्र आहे आणि पोरं घरी जाऊन सांगतात की मॅडमने याच्यासाठी अमेरिकेला पत्र पाठवलं होतं. मॅडम, कार्टूनसाठी? हो, कार्टूनसाठी. दारात उभ्याउभ्या सांगायला गेलं की अर्धंच राहतं, म्हणून आज बसून लिहिते.

मालिका 'अवतार: द लास्ट एअरबेंडर', निकलोडियनवर २००५ ते २००८, एकूण ६१ भाग. पाणी, पृथ्वी, अग्नी, हवा अशी चार राष्ट्रं, आणि तिथले काही लोक आपापलं तत्त्व हालचालींनी वळवू शकतात, त्याला बेंडिंग म्हणतात. त्या हालचाली मनाने रचलेल्या नाहीत, ताई ची, हुंग गार, उत्तर शाओलिन, बाग्वा या खऱ्या चिनी युद्धकलांवरून घेतल्यात. पाण्याच्या टोळ्यांमागे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांचं जगणं आहे, पडद्यावर दिसणारी अक्षरं खरी चिनी आहेत आणि त्यासाठी सुलेखनाचा जाणकार घेतला होता. बनवणारे मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को, दोघेही गोरे अमेरिकन, पण त्यांनी अभ्यास केला होता हे जागोजागी दिसतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आंग. बारा वर्षांचा, डोकं तासलेला, पिवळंकेशरी वस्त्र घातलेला भिक्खू मुलगा. तोच अवतार, म्हणजे चारही तत्त्वं वळवू शकणारा आणि पुन्हा पुन्हा जन्म घेणारा.

मी नागपुरातल्या इंदोऱ्याची. घरी सकाळी बुद्धवंदना, विहारात बालसंस्कार वर्ग, १४ ऑक्टोबरला आणि दसऱ्याला दीक्षाभूमी. शाळेत मात्र दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणायचंच, तुमच्या लोकांनी किती गर्दी केली, किती घाण केली. मी गप्प बसायची. टीव्हीवर देव होते, राक्षस होते, राजे होते, अमेरिकेतली पोरं होती, पण भंतेजींसारखा दिसणारा कुणी हिरो आहे, मस्ती करतो, हसतो, मांस खात नाही आणि सगळं जग वाचवायची जबाबदारी त्याच्यावर आहे, हे मी कधीच पाहिलं नव्हतं. भावाच्या मित्राने पेनड्राइव्ह दिला होता, मी दोन आठवड्यांत सगळे भाग बघितले. आंगला लहानपणी हजारो खेळण्यांमधून चार निवडायला लावतात आणि तो बरोबर आधीच्या अवतारांचीच चार उचलतो, ते बघून मी आईला हाक मारली होती, कारण दलाई लामांना असंच शोधतात हे आम्हाला माहीत होतं. त्याच्या गुरूचं नावही ग्यात्सो, दलाई लामांच्या नावातलंच. आणि तिसऱ्याच भागात त्याला कळतं की त्याचे सगळे लोक मारले गेलेत, ग्यात्सोचा सांगाडा समोर दिसतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथे आम्ही एकदा गेलो होतो, आणि तो भाग बघताना मला तिथल्या म्हाताऱ्या आज्या आठवत होत्या ज्या एकेकाळी आपलं सगळं मागे सोडून आल्या.

तर अशा मालिकेवर पिक्चर निघणार असं कळलं, आणि २००८ च्या डिसेंबरात कलाकारांची नावं आली. आंग, त्याचे सोबती कतारा आणि सोका, अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको, चारही मुख्य भूमिकांना गोरी मुलं. कास्टिंगच्या जाहिरातीतच 'कॉकेशियन किंवा इतर कोणत्याही वंशाचे' असं लिहिलं होतं, म्हणजे आधी गोरे आणि मग बाकीचे. मी हे सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत वाचलं आणि तासाचे पैसे संपले तरी तिथेच बसून होते. तिकडच्या फॅन लोकांनी पत्रमोहीम काढली, नाव दिलं 'आंग एंट व्हाइट', आंग गोरा नाही, आणि ईमेलपेक्षा कागदावर पत्रं पाठवा म्हणाले. मग मी पण लिहिलं. इंग्रजी कच्चं, डिक्शनरी घेऊन दोन पानं. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत एअरमेलची तिकिटं लावताना बाबा सोबत होते, म्हणाले, बेटा, ते लोक तुझं वाचतीन का? मी म्हटलं, माहीत नाही बाबा, पण मी काही म्हटलंच नाही असं नको व्हायला. उत्तर आलं नाही.

पुढे २००९ च्या फेब्रुवारीत झुकोचा नट बदलला आणि त्या जागी 'स्लमडॉग'वाला देव पटेल आला. इथे बऱ्याच जणांना आनंद झाला, अरे आपला माणूस घेतला ना. पण नीट बघा, आंग, कतारा, सोका गोरेच राहिले आणि गावं जाळणारं अग्निराष्ट्र मात्र सावळं झालं, देव पटेल, मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, इराणी शॉन तौब, न्यूझीलंडचा माओरी क्लिफ कर्टिस. हे नट वाईट नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही, पण जगाला वाचवणारा गोरा आणि जाळणारा सावळा हे चित्र लहान पोराच्या डोक्यात बसतं. आणि दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, स्वतः पुदुच्चेरीतल्या माहे गावी जन्मलेला! त्याने नावांचे उच्चार आशियाई पद्धतीने करायला लावले, 'अवतार' आपण म्हणतो तसाच म्हणायला लावला, म्हणजे उच्चाराची काळजी होती पण चेहऱ्याची नव्हती, हे मला आजही समजत नाही.

पिक्चर २०१० च्या जुलैत आला. मी गेले नाही. मोहिमेने तो पाडला असं मी म्हणणार नाही, जगभरात त्याने ३० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण ठरवलेले पुढचे भाग कधीच निघाले नाहीत. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. जीन लुएन यांग नावाच्या कॉमिक्सकाराने या कास्टिंगविरुद्ध कॉमिक काढलं होतं, बहिष्कार टाका म्हणून. पुढे त्याच मालिकेची गोष्ट कॉमिक्समध्ये वाढवायची ठरली तेव्हा प्रकाशकाने लिहायला त्यालाच बोलावलं, २०१२ पासून ती पुस्तकं आली. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये नवी मालिका जाहीर केली तेव्हा कलाकार त्या त्या संस्कृतीला धरूनच असतील असं सुरुवातीलाच सांगितलं गेलं, आणि २०२४ मध्ये आली तेव्हा आंग फिलिपिनो वंशाचा मुलगा होता, कतारा उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक या मूळनिवासी जमातीतली मुलगी. मूळ मालिका बनवणारे दोघे मधेच सोडून गेले आणि मालिका मला मूळच्या तोडीची वाटली नाही, ते वेगळं. चेहरे बघून मी रडले.

मूळ मालिकेतही सगळं बरोबर होतं असं नाही. आंग, कतारा, सोका यांचे आवाज गोऱ्या नटांचेच होते. आणि भारतातला वाटावा असा लक्षात राहणारा माणूस एकच, गुरु पथिक, चक्रं समजावणारा आणि कांदा-केळ्याचा रस पिणारा म्हातारा योगी. आवडत्या गोष्टीबद्दल हे बोलायलाच पाहिजे, आवडती आहे म्हणूनच.

आता आपल्याकडचं. २००८ पासून 'छोटा भीम' घराघरांत आहे, आणि त्यात दादागिरी करणाऱ्या मुलाचं नाव कालिया. माझ्या क्लासमध्ये एक सावळी पोट्टी आहे, तिला शाळेत कालिया म्हणतात हे तिने मला रंग भरता भरता सांगितलं, मान वर न करता. २०२० मध्ये भीमने चुटकीला सोडलं म्हणून लोकांनी इंटरनेटवर एवढा ट्रेंड चालवला की कंपनीला खुलासा करावा लागला, म्हणजे आपल्या लोकांना आवाज उठवता येतो, कंपन्या ऐकतातही. मग कालियाच्या नावासाठी का नाही? आपल्या कार्टूनांमध्ये एखादी गोंड मुलगी, एखादा मोमीनपुऱ्यातला मुलगा, एखादी विहारात जाणारी पोरगी मुख्य पात्र का नाही?

पोरं अजूनही माझ्याकडे 'स्किन कलर' मागतात आणि त्यांना गुलाबीसर खडू पाहिजे असतो. मी डबा पुढे करते आणि म्हणते, हात खडूच्या बाजूला ठेव आणि बघ कोणता जुळतो. पहिल्या वेळी सगळे हसतात, मग शोधायला लागतात, कुणाला दोन खडू मिसळावे लागतात.

यावेळचं पत्र मराठीत आहे, इथल्याच एका चॅनलला. मजकूर माझा, पण सोबत पोरांनी आपापला हिरो काढून दिलाय, अकरा चित्रं झाली, त्या सावळ्या पोट्टीचं अजून रंगवून व्हायचंय. शनिवारी ते झालं की सोमवारी जीपीओत जाईन, बाबा म्हणाले मी पण येतो.