ग्रुमन ट्रॅकर ते कॅल फायर एस-२टी, १/७२ : नोंद चौथी

या १/७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलचे तीन रविवार फक्त इंजिनांवर गेले. किटमध्ये नौदलाच्या ट्रॅकरची राइट आर-१८२० रेडियल इंजिनं आहेत: गोल, फुगीर तोंडाची, तीन पात्यांच्या पंख्याची. मला हवाय कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन खात्याचा, म्हणजे कॅल फायरचा टर्बाइनवाला एस-२टी. त्याची टीपीई३३१ इंजिनं निमुळती आणि पंखे पाच पात्यांचे. जुनी तोंडं कापली, प्लास्टिकच्या नळीवर एम-सील चढवून नवीन आकार घासला. डावं इंजिन एक मिलिमीटर आखूड भरलं. समोरून पाहिलं की तेच डोळ्यात खुपायचं, म्हणून मोडून पुन्हा केलं.

धडाचं काम मात्र मनापासून आवडलं. १९५२ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान जहाजावरून पाणबुड्या शोधायला बनवलेलं. पोटाखालून खाली सरकणारा रडारचा घुमट, शेपटीतून बाहेर येणारी चुंबकीय शोधयंत्राची दांडी, उजव्या पंखाखाली सर्चलाइट. एकेक जागा पुटीने बुजवताना त्या यंत्राचं काम नव्याने वाचत गेलो. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आपल्या ‘विक्रांत’वरचं अलिझे विमान पाहिलंय का? काम तेच, आणि पोटाखाली तसाच सरकणारा घुमट. ते पाहिल्यापासूनच मी या जातीच्या विमानांत अडकलो.

चौघांच्या विमानात आता एकटा वैमानिक असतो. जिथे पाणतीर असायचे, तिथे साडेचार हजार लिटरची टाकी. त्यातलं आग रोखणारं रसायन सहसा थेट ज्वाळांवर ओतत नाहीत. आगीच्या पुढे झाडोऱ्यावर त्याचा पट्टा ओढतात. लाल रंग एवढ्यासाठी, की आधीचा पट्टा कुठे संपला ते वरून दिसावं. म्हणून टाकीची दारं मी वेगळी कापून बसवली. पुटीवर नुसती रेघ ओढून भागलं असतं, पण सगळं रूपांतर त्या दारांसाठीच तर झालंय!

पांढरा रंग काल मारला, अजून दोन पातळ हात लागतील. नाकात शिशाचे छर्रे भरलेत, तीन चाकांवर नीट उभं राहतंय. लाल पट्ट्यांसाठी टेप पांढरा पूर्ण वाळल्यावरच लावणार. शेवटी टाकीमागे पोटावर तांबूस ऑइल कलरचे ओघळ, मागच्या दिशेने ओढलेले. कोणी रसायनाचे डाग केले असतील तर किती पातळ केला रंग, सांगा.