भिशीचे पंधरा हजार

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आज भिशीत माझी चिठ्ठी निघाली. दहा जणी, महिन्याला दीड हजार, म्हणजे रोख पंधरा हजार. घरी येऊन सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "मग शेगडी घ्यायची ना?" मी म्हटलं, शेगडी दिवाळीच्या बोनसमधून नक्की, हे पैसे कॉम्प्युटरला. ती काही बोलली नाही. अर्धवट राहिलेला ब्लाउज मशीनवर घेतला आणि नेहमीपेक्षा जोरात पाय मारत बसली.

तिचं चुकत नाही. कॉम्प्युटर चालू होतो, पतसंस्थेचं घरी आणलेलं काम होतं, लाइटबिल भरता येतं. त्याच्यावर आणखी पैसे कशाला? पण आमची शनिवारची रात्र त्याच्यावर चालते. धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी नोकरीला पुण्याला गेला. फोनवर आम्ही "जेवलास का" आणि "जेवलीस का" याच्या पुढे जात नाही. खेळताना मात्र तो सगळं बोलतो. ऑफिसात काय झालं, डब्याची भाजी कशी होती, रात्री झोप लागत नाही, हेसुद्धा.

सध्या 'इट टेक्स टू' चालू आहे. हा गेम दोघांनी मिळूनच खेळायचा, एकट्याला खेळायची सोयच नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो, म्हणून तो आम्हाला परवडला. एकाने फळी धरायची, त्याच क्षणी दुसऱ्याने उडी मारायची, असं सगळं. आणि माझ्याकडचं चित्र नेमकं त्याच क्षणी अडकतं. काल एकाच ठिकाणी अकरा वेळा मेलो. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे ताई, पुढच्या शनिवारी बघू." त्याचा तो दमलेला आवाज रात्रभर कानात होता.

६ ऑगस्ट, मंगळवार

काय घ्यायचं याच्या आधी अडतंय कुठे ते बघायला बसले. मशीन २०१९ चं आहे. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चा छोटा मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो), आठ जीबी रॅमची एकच स्टिक, एक टीबीची हार्डडिस्क. चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातलंच व्हेगा ८. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा.

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला. डिस्क शंभर टक्के. रॅम काठोकाठ. विंडोजमध्ये रॅमसमोर लिहिलंय आठ जीबी, आणि त्याच ओळीत, त्यातली वापरायला ५.९. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्या रॅममधलीच दोन जीबी राखून ठेवतं. म्हणजे विंडोज, गेम आणि धाकट्याशी बोलायचं ॲप हे सगळं पाच वर्षं सहा जीबीत चाललं होतं.

त्यात स्टिक एकच. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम माहिती ओढतो. माझ्या २६६६ च्या एका स्टिकमधून सेकंदाला साधारण २१ जीबी जातात, दोन असत्या तर ४२ गेल्या असत्या. वेगळ्या ग्राफिक्स कार्डवाल्याला हा फरक एवढा जाणवत नाही, पण पोटातल्या ग्राफिक्सचं सगळं जगणंच त्या रॅमवर. मशीन घेताना मीच म्हटलं होतं, आत्ता एकच टाका, दुसरी पुढे बघू.

प्रोसेसर मात्र साठ-सत्तर टक्क्यांवर निवांत होता, आणि मला मोह त्याचाच होता. याच सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेवर, बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की, रायझन ५ ५६०० बसतो. सहा कोर, बारा थ्रेड. अकरा हजारांच्या आसपास मिळतो. पण त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही! तो आणला असता तर पैसे संपले असते आणि स्क्रीनवर चित्रसुद्धा आलं नसतं. वहीत त्याच्यावर काट मारली. अजून एक लिहून ठेवलं: मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतो. मला साठ फ्रेम पाहिजेत, त्याच्या वरच्या फ्रेमसाठी एक रुपया द्यायचा नाही.

११ ऑगस्ट, रविवार

रॅम १६५० रुपये, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, २९५०. एसएसडी बोर्डवर आडवी बसते आणि टोकाला एक बारका स्क्रू लागतो. तांदळाच्या दाण्याएवढा. तो एसएसडीबरोबर येत नाही, मदरबोर्डच्या खोक्यात येतो. खोकं माळ्यावर होतं, देवाच्या जुन्या फोटोंच्या मागे. पाच वर्षांपूर्वी ते टाकू नको म्हणणारी आईच होती.

विंडोज नव्याने टाकलं. रात्री गेम लावला. आधी एक भाग उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची, आज वीस सेकंदांच्या आत उघडला. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातला बारकावा, ७२०पी वर उतरवलं तर पस्तीसच्या आसपास फ्रेम मिळाल्या, पूर्वी बावीस-तेवीस असायच्या. साडेचार हजारांत इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. कुणाकडे असलं जुनं मशीन असेल तर मी कळकळीने सांगेन, बाकी काही करायच्या आधी हे दोन करा.

७२०पी वर चित्र मात्र अंधुक दिसतं. लांबची फळी आणि भिंत एकच वाटतात.

१२ ऑगस्ट, सोमवार

ग्राफिक्स कार्डाकडे वळायच्या आधी एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्टिकर वाचला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही या बारा व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरा आकडा तो. मला जे सेकंडहँड कार्ड परवडणार आहे, आरएक्स ५८०, ते एकटंच १८५ वॅटपर्यंत ओढतं. प्रोसेसरचे ६५ वेगळे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला एक जण म्हणाला, चालतं गं, सगळे असंच चालवतात. मी ते ऐकणार नाही. हा डबा आईच्या मशीनपासून दोन हातांवर आहे, मध्ये कापडाचे गठ्ठे आहेत. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवणारा), स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिलेला एसएमपीएस ३८०० ला मागवला. या ३८०० रुपयांनी एक फ्रेमही वाढणार नाही, आणि तरी यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल मला जराही शंका नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टची नळी २५०. उरले ६३५०.

१५ ऑगस्ट, गुरुवार

हे लिहिताना अजून हात थरथरतायत.

ऑफिसचं झेंडावंदन आटोपून घरी आले. एसएमपीएस बसवायचाच आहे तर प्रोसेसरची वाळलेली पेस्टही बदलू म्हणून हीटसिंकचे (प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) चारही स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. निघेना. अजून जोर लावला. टचकन आवाज आला आणि हीटसिंक हातात आला, त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटलेला. सॉकेटचा खटका बंदच होता. सॉकेटमधून तसाच उपटून आला होता.

या सॉकेटच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, १३३१. केसांहून जरा जाड, सोनेरी. कोपऱ्याजवळच्या दोन आडव्या झाल्या होत्या. पाच वर्षांत पेस्टचा सिमेंट होतो, त्यामुळे आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा, आणि मगच उचलायचा. हे मला वाचून माहीत होतं. घाईत केलं नाही.

मी जमिनीवर बसून राहिले. आई आतून आली, माझं तोंड बघितलं, काही विचारलं नाही. चष्मा बदलला, खिडकीशी गेली, प्रोसेसर कडेने धरून डोळ्यांच्या रेषेत आणला. जरीच्या काठाचा धागा सरळ आहे का बघते तसा. म्हणाली, "दुसऱ्या ओळीत एक, आणि चौथ्या ओळीत एक जरा कललीय. ती तुला दिसली नाही." मी दोन मोजल्या होत्या, तिने तिसरी दाखवली.

धाकट्याच्या जुन्या कंपासात पेन-पेन्सिल सापडली. तिच्यातलं शिसं काढलं की पुढची धातूची नळी पिनेवर टोपीसारखी बसते. मी करायला घेतलं तर आईने हात बाजूला केला. नळी पिनेवर घातली, पाव इंच म्हणता येणार नाही इतकं थोडं उचललं, काढली, पुन्हा उजेडात बघितलं, पुन्हा घातली. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर तुटते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन पिनांना पाऊण तास. तेवढ्या वेळात तिने एकच वाक्य बोललं, "श्वास तिकडे सोड."

प्रोसेसर सॉकेटवर ठेवला. दाबला नाही. स्वतःच्या वजनाने खाली बसला. खटका लावला, मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट, हीटसिंक, नवीन एसएमपीएस. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. मोजत होते. अठराव्या सेकंदाला विंडोजचं चिन्ह आलं. आईने दिव्यासमोर हात जोडले आणि चहा टाकायला गेली. मी तिच्या मागोमाग जाऊन ओट्याशी रडले.

१८ ऑगस्ट, रविवार

पहाटेच्या एसटीने पुण्याला. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाणं-येणं उरलेल्या पैशांत बसलं. धाकटा स्वारगेटला घ्यायला आला होता. वाळलाय.

पहिलं कार्ड पेठेतल्या एका दुकानात बघितलं. आरएक्स ५८०, आठ जीबी, ५५००. दिसायला चकचकीत. मी जीपीयू-झेड, कार्डाची खरी माहिती दाखवणारं ॲप, चालवून दाखवा म्हटलं. शेडर्सच्या, म्हणजे चित्राचं गणित करणाऱ्या भागांच्या, रकान्यात २०४८. पूर्ण ५८० मध्ये ते २३०४ असतात. २०४८ हा ५७० चा, खालच्या कार्डाचा आकडा. चीनच्या बाजारासाठी ५८० च्याच नावाने अशी एक आवृत्ती निघाली होती, ती जुन्या मालातून इकडे येते. दुकानदार म्हणाला, गेमला काही फरक पडत नाही. मग ५७० च्या भावात द्या, म्हटलं. नाही म्हणाला. निघालो. फसवायचं असेल तर माणूस पैसेवाल्याला कमी आणि आमच्यासारख्याला जास्त फसवतो, कारण आम्ही स्वस्त शोधत येतो. याचा मला मनापासून राग आहे.

दुसरं कोथरूडला एका विद्यार्थ्याच्या घरी. खोकं, बिल, सगळं जपून ठेवलेलं. जुन्या कार्डांत मायनिंगवर, म्हणजे इथेरियमसारखी डिजिटल नाणी काढायला, रात्रंदिवस राबवलेली बरीच असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांवर ती नाणी काढणं बंद झालं, आणि तसली कार्डं ढिगाने बाजारात आली. म्हणून मी त्याला आधीच सांगितलं, अर्धा तास गेम चालवून बघणार. त्याच्या आईने पोहे केले. २३०४. तापमान ७६ वर थांबलं. पंखा बोटाने हलवला तर डुगडुगला नाही, चित्रात ठिपके नाहीत. ६५०० म्हणत होता. मी पिशवीतली नोटांची गड्डी काढून तशीच समोर ठेवली, सहा हजार, म्हटलं माझ्याकडे एवढेच आहेत. ते खरंच होतं. तो "चालेल ताई" म्हणाला.

राखीची गर्दी, स्वारगेटला पाय ठेवायला जागा नाही. कार्ड टॉवेलात गुंडाळून साताऱ्यापर्यंत मी मांडीवर घेतलं, पुढे कराडपर्यंत धाकट्याने.

१९ ऑगस्ट, सोमवार

सकाळी राखी, नारळीभात. मग दोघांनी कॅबिनेट उघडलं. कार्ड चोवीस सेंटिमीटर, जागा किती ते आईच्या टेपने आधीच मोजलं होतं, तरी हार्डडिस्कचा पिंजरा आडवा आला. तो काढला, हार्डडिस्क खाली तळाशी बसवली. आठ पिनांची वायर कार्डात गेली, खट् आवाज झाला. मॉनिटरची वायर मागच्या जुन्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावली. हे विसरलं तर नवीन कार्ड रिकामं बसून राहतं.

१०८०पी, मीडियम सेटिंग. साठ. मध्येच पंचावन्न, पुन्हा साठ. कार्ड तापत होतं म्हणून व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून थोडं थोडं उतरवत १०८० वर आणलं. फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तापमान पाच अंशांनी उतरलं. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅट. लाइट गेली तर दोन-तीन मिनिटं धरेल, सेव्ह करून बंद करण्यापुरती.

धाकट्याने लॅपटॉप आणला होता. आम्ही एकाच खोलीत शेजारी बसून, ती फळीची जागा खेळलो. मी फळी धरली, त्याने उडी मारली. पहिल्याच फटक्यात गेला. तो ओरडला, आई मशीन थांबवून बघायला आली. स्क्रीनवरच्या बागेतली पानं एकेक करून दिसत होती. "हे हललेलं पान कुणी हलवलं?" तिने विचारलं. वारा, म्हटलं. ती बराच वेळ उभी होती.

२० ऑगस्ट, मंगळवार

धाकटा सकाळच्या गाडीने गेला. जाताना शेगडीसाठी म्हणून आईच्या हातात काहीतरी ठेवून गेला, किती ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

वहीत बेरीज केली. १६५०, २९५०, ३८००, २५०, ६०००. चौदा हजार सहाशे पन्नास, वर एसटी. ५६०० च्या नावावरची काट तशीच आहे. पुढची भिशी लागेपर्यंत तो अजून उतरेल. तेव्हा जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करून घ्यायचं, यूपीएस भरलेला असताना. आणि हीटसिंक काढायच्या आधी मशीन पंधरा मिनिटं गरम करायचं. हे मोठ्या अक्षरात लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

पेन-पेन्सिल आईने सुयांच्या डबीत ठेवून दिली.

शनिवारी साडेनऊला तो ऑनलाइन येतो म्हणालाय.