पात्रनिवडीत वर्णाचा प्रश्न: माझा अनुभव

'नटाचा वर्ण, म्हणजे कातडीचा रंग, बघायचाच नाही' एवढंच ठरवून मी ऑडिशनला बसत नाही. आधी संहिता घेऊन प्रत्येक भूमिकेपुढे पेन्सिलीने खूण करते. कथानक वंशावर उभं आहे का? रक्ताचं नातं दिसायला हवं का? की दोन्ही नाही? तिसऱ्या गटात वाटतं त्यापेक्षा जास्त भूमिका निघतात: वकील, डॉक्टर, शेजारी, राजदूत.

मग पद्धत ठरवायची. अमेरिकेतल्या नॉन-ट्रॅडिशनल कास्टिंग प्रोजेक्टची चार प्रकारांची विभागणी इथे कामी येते: वर्णनिरपेक्ष निवड; समाजात ती माणसं त्या कामांत असतातच म्हणून केलेली निवड; अख्खं नाटक दुसऱ्या संस्कृतीत नेणं; आणि अर्थाला धार यावी म्हणून मुद्दाम केलेली निवड. घोटाळा होतो तो यांची सरमिसळ झाली की. गोऱ्या बापाची काळी मुलगी प्रेक्षक चटकन स्वीकारतो; पण त्याच प्रयोगात नोकर तेवढे काळे निघाले, तर तो अर्थ शोधू लागतो. म्हणून नावं पक्की करण्याआधी सगळे फोटो भिंतीवर लावते, एकदा घराण्यांप्रमाणे आणि एकदा मालक-नोकर अशा उतरंडीने. चूक बहुतेकदा दुसऱ्या मांडणीत सापडते.

नाटकाच्या हक्कधारकांना परवानगीचं पत्र ऑडिशनच्या आधी जायला हवं. २०१७ मध्ये ओरेगॉनमधल्या 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?'च्या एका प्रयोगात निकच्या भूमिकेसाठी काळा नट घेतला, तेव्हा नाटककार एडवर्ड अल्बींच्या वारसा-व्यवस्थापनाने परवानगी नाकारली होती.

'कुणीही काहीही करावं' हे तत्त्व दोन्ही दिशांना सारखं चालत नाही. १९९० मध्ये 'मिस सायगॉन' या संगीतिकेतल्या युरेशियन (आशियाई-युरोपीय मिश्र वंशाच्या) भूमिकेसाठी गोरे ब्रिटिश नट जोनाथन प्राइस यांना ब्रॉडवेवर आणायला अमेरिकन नटांच्या संघटनेने आधी नकार दिला, मग माघार घेतली. आशियाई नटांना मोठ्या भूमिका आधीच मोजक्या, त्यातली एक गेली, हा राग होता.

परीक्षणं आली की दोन ढीग करते. 'त्या काळी असं नव्हतं' म्हणणाऱ्यांचा पहिला. रोमन सेनापती इंग्रजीत बोलतो हे त्यांना खटकलं का, तेवढं मी बघते. (सहसा नाही.) दुसरा ढीग जड. काळे अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ च्या भाषणात वर्णनिरपेक्ष निवडीलाच विरोध केला: गोऱ्यांच्या नाटकांत जागा देण्यापेक्षा काळ्यांच्या रंगभूमीला पैसा द्या. या आक्षेपाला पात्रनिवडीत उत्तर नाही. तो कागद मी नाटकं निवडणाऱ्यांच्या टेबलावर ठेवते.