फुकटच्या कोर्सचं ‘ओरिजिनल’ सर्टिफिकेट: माझा अनुभव

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स पुरा करणं त्यातल्या त्यात सोपं. त्याचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आपल्याच कॉलेजच्या मार्क्सकार्डवर चढवून घेणं, तिथे जीव जातो.

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात करंट आणि रेंज जोडीनेच जातात. म्हणून बेळगावात कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि परतीच्या बसमध्ये बघायचे. इंग्रजी जड गेलं तर तेच वाक्य परत लावायचं, वर्गात सरांना असं मागे नेता येत नाही. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, बारा आठवड्यांचा कोर्स होता. असाइनमेंटपैकी उत्तम आठ धरतात, त्याचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी मात्र १,००० रुपये भरली. पास झाले.

मग कॉलेजच्या ऑफिसचं काउंटर, पलीकडे क्लार्क.

“ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल आण.”

“सर, हेच ओरिजिनल. ते पीडीएफच देतात, पोस्टाने काही येत नाही.”

“मग गोल शिक्का कुठाय?”

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाची प्रत पुढे केली. २०१६ साली २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा कोर्सचे घेता येत होते, २०२१ मध्ये ते ४० टक्के झाले. “हे दिल्लीचं. आम्हाला सर्क्युलर नाही. नाळे बा.” म्हणजे कन्नडमध्ये ‘उद्या ये’. दुसऱ्या दिवशी गेलं की सही करणारे रजेवर. नंतर मीटिंग. नंतर परत शिक्का! कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, त्या शक्ती योजनेचं झिरो तिकीट होतं म्हणून मी जात राहिले, माझ्या भावाने एवढ्या खेपा घातल्या असत्या तर तिकिटातच फीएवढे पैसे गेले असते.

शेवटी आमच्या विभागाच्या मॅडम सोबत आल्या. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड त्यांनी काउंटरवरच स्कॅन केला. माझं नाव, मार्क, तेच सर्टिफिकेट मोबाइलवर उघडलं. क्लार्कनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, “मग याची प्रिंट आणा.” त्या प्रिंटवर मॅडमनी सही केली, विभागाचा शिक्का मारला. झालं, तो कागद ओरिजिनल!

तुम्ही करणार असाल तर कोर्सला नाव घालायच्या आधीच तो कॉलेजच्या मंजूर यादीत आहे का ते विचारा, आणि लेखी घ्या. हां, नाव! परीक्षेच्या फॉर्ममध्ये घालाल तेच सर्टिफिकेटवर येतं, तेव्हा मार्क्सकार्डवर इनिशियल जसं आहे तसंच लिहा. मराठी माध्यमाच्या मुलांनी बिचकू नये, एनपीटेलच्या काही कोर्सचं साहित्य मराठीतही मिळतं. एससी-एसटीच्या मुलांना फी निम्मी असते, दाखला जवळ ठेवा.

आणि अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, म्हणजे अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक, घालून घ्या. माझा पहिला अर्ज सापडतच नाही म्हणाले होते, ते सांगायचं राहिलंच.