तुम्ही विचारलंत म्हणून: 'एक्झॉनरेट'ला 'निर्दोष' का नाही?

"मॅडम, सरळ 'निर्दोष ठरवलं' लिहा ना! 'आरोपातून मोकळं केलं' कशाला?" इंग्रजी चौकशी अहवाल मराठी भाषांतराला देणारे वकील त्यातल्या 'एक्झॉनरेट' (exonerate) या शब्दावरून दरवेळी विचारतात. परवा भाचीनेही विचारलं. एकदा सांगूनच टाकते.

लॅटिनमध्ये 'ओनस' म्हणजे ओझं. 'एक्झॉनरारे' म्हणजे ते उतरवणं, जहाजातला मालसुद्धा. नदी समुद्रात स्वतःला 'एक्झॉनरेट' करते, असं जुन्या इंग्रजीत लिहीत. दोषाचा त्यात मूळचा मागमूसही नाही. पुराव्याचा भार कोणावर, याला कोर्टात 'ओनस' म्हणतात, तो हाच शब्द. अमेरिकेत चुकीने शिक्षा झालेल्यांची 'एक्झॉनरेशन्स' या नावाने राष्ट्रीय नोंद ठेवतात, 1989 पासूनची. तिथे हा शब्द 'निर्दोष'च्या फार जवळ गेलाय, हे मला मान्य आहे.

पण आमच्या घरात तो वेगळा आला. बाबा एका कार्यालयात भांडारपाल होते. साठा मोजताना सिमेंटच्या 40 गोण्या कमी भरल्या आणि चौकशी लागली. पाच वर्षं चालली. आदेश आला तेव्हा मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. बाबांनी चष्मा पुसला, शब्दावर बोट ठेवलं. "एक्झॉनरेटेड. म्हणजे काय गं?"

"निर्दोष! बाबा, तुम्ही निर्दोष!"

आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा तो कागद घेऊन आत्याकडे गेले, शेजारी गेले, पतपेढीत गेले. सगळीकडे माझाच शब्द सांगत होते. चौथ्या दिवशी जुन्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने सगळ्यांसमोर पुढची ओळ वाचली: आरोप सिद्ध होण्याइतका पुरावा नाही, सबब. "यात निर्दोष कुठे लिहिलंय, काका?"

घरी येऊन बाबांनी कागदाची घडी केली, पाकिटात घातली.

"पुढची ओळ तू वाचली होतीस ना?"

वाचली होती.

शब्दात आहे तेवढंच सांगायचं, असं आज मी एम.ए. करणाऱ्या त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मलाच, दटावते. ती उलट विचारते, बाबांनी चोरी केलीच नव्हती, मग दुसरं काय सांगायला हवं होतं? तिला देण्यासारखं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. परवाच्या अहवालात 'मोकळं' लिहिलं, खोडून 'निर्दोष' केलं, रात्री पुन्हा 'मोकळं' केलं आणि सकाळी तसंच पाठवलं.