टायरमध्ये इन्सर्ट, की टायरच जाड?

माझ्या माउंटन बाइकच्या मागच्या ट्यूबलेस चाकात फोमचे इन्सर्ट (टायरच्या आत रिमभोवती बसणारे कडे) ठेवावे, की ते काढून जाड केसिंगचा, म्हणजे जाड कापडी सांगाड्याचा, टायर घ्यावा, या प्रश्नाचा निकाल अखेर लागला. वजनावरून तो लागण्यासारखा नव्हताच. २९ इंची चाकासाठीचे कुशकोअर कंपनीचे प्रो इन्सर्ट सुमारे २६० ग्रॅमचे असते आणि मॅक्सिस कंपनीचा हलक्या एक्सो केसिंगचा टायर काढून जाड डबलडाउन घेतला, तरी २०० ग्रॅमच्या आसपास भर पडतेच.

फरक आहे तो कामात. चाक दगडावर जोरात आदळते तेव्हा इन्सर्ट रिम आणि दगड यांच्यामध्ये येते, त्यामुळे रिमला सहसा पोचा पडत नाही आणि हवा कमी असली तरी टायरची रिममध्ये बसलेली कड वळणावर सहसा जागची हलत नाही. दगडाची धार बाजूने टायरला लागली, तर मात्र आतल्या फोमचा काहीच उपयोग नसतो. तिथे टायरचे कापडच जाड असावे लागते. एक्सोमध्ये कापडाचा एकच थर आणि बाजूला संरक्षक जाळी असते. डबलडाउनमध्ये दोन थर असतात.

सह्याद्रीतला बेसॉल्ट फुटतो तो धार घेऊनच, आणि पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताखाली तो दिसतही नाही. सिंहगडाच्या बाजूच्या एका उतारावर माझ्या टायरची बाजू अंगठ्याएवढी चिरली. भोकात ठोसायचा रबरी प्लग टिकेना, गळती बुजवणारे आतले पातळ सीलंट दगडावर सांडून गेले. ट्यूब टाकण्यासाठी आधी इन्सर्ट ओढून काढावे लागले आणि ते ओले, चिकट कडे जानव्यासारखे खांद्यावर अडकवून मी घरी आलो. शर्टावरचे पांढरे डाग अजून गेलेले नाहीत. रिमवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता, म्हणजे इन्सर्टने आपले काम चोख केले होते.

आता मागे इन्सर्टशिवाय डबलडाउन आहे आणि पुढे, जिथे माझे टायर सहसा चिरत नाहीत, साधा एक्सो. हवा मागे २६ आणि पुढे २२ पीएसआय ठेवतो. चढावर ते जादा २०० ग्रॅम जाणवतात, असे सोबती म्हणतात. मला त्यापेक्षा सकाळची मिसळ जास्त जाणवते.

काढलेले इन्सर्ट धुऊन गॅलरीत वाळत घातले आहे. उड्या मारून दोन रिम वाकवून बसलेला एक मित्र रविवारी ते घेऊन जाणार आहे.